गाळ की प्लवक? किनाऱ्यालगतच्या पाण्याचे प्रकाशाने मोजमाप

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मांडवीच्या मुखातून होडी बाहेर काढली, की पाण्याचा रंग तासाभरात तीनदा बदललेला दिसू शकतो. पणजीच्या पुलाखाली ते कोऱ्या चहासारखे तांबूस असते, आग्वादच्या टोकापाशी हिरवट-तपकिरी होते आणि कांदोळीच्या किनाऱ्यापासून आठ-दहा किलोमीटर बाहेर गेल्यावर गर्द हिरवे दिसते. तिन्ही ठिकाणी आपण सहजपणे ‘पाणी गढूळ आहे’ असे म्हणतो, पण तिन्ही ठिकाणचा गढूळपणा एकाच जातीचा नसतो. पहिल्या ठिकाणी जांभ्याची माती आणि कुजलेल्या पानांचा अर्क असतो, दुसऱ्या ठिकाणी भरतीने तळातून उसळलेला गाळ असतो, तर तिसऱ्या ठिकाणी पावसाळ्यात खालून वर आलेल्या पोषक पाण्यावर पोसलेले वनस्पतीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, असण्याची शक्यता अधिक.

प्रकाशाच्या साहाय्याने हे तिन्ही वेगळे ओळखता येतात. मात्र कोणत्याही एका उपकरणाने किंवा एका आकड्याने ते साधत नाही, आणि नव्या अभ्यासकाची पहिली चूक बहुधा येथेच होते. तो गढूळपणा मोजतो आणि त्याला गाळ म्हणतो, किंवा प्रतिदीप्ती (हरितद्रव्याने प्रकाश शोषून उलट सोडलेला तांबडा प्रकाश) मोजतो आणि तिला प्लवक म्हणतो. म्हणून या लेखातील सर्व पायऱ्या एकाच नियमाभोवती रचलेल्या आहेत: एकाच पाण्यात, एकाच वेळी, किमान दोन वेगळ्या स्वरूपाची प्रकाशमोजणी करावी आणि त्याच पाण्याची बाटली सोबत आणावी. उदाहरणे मांडवी-जुवारीच्या खाड्या आणि त्यांच्यासमोरचा समुद्र यांतील आहेत. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोरच्या एका ठरावीक स्थानकावर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून नियमित निरीक्षणे घेत आली आहे, त्यामुळे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील इतर अनेक जागांपेक्षा या पाण्याचे ऋतुचक्र अधिक नीट माहीत आहे.

प्रकाशाचे काय होते

पाण्यात शिरलेला किरण दोन प्रकारे कमी होतो. त्याचे शोषण होते किंवा विकिरण होते, म्हणजे तो आपली दिशा सोडून दुसरीकडे वळतो. हे काम चार घटक करतात: स्वतः पाणी, वनस्पतीप्लवक, इतर कण (माती, मृत पेशी, विष्ठेचे गोळे) आणि विरघळलेले रंगीत सेंद्रिय द्रव्य. पाणी तांबडा प्रकाश शोषते. प्लवकांतील हरितद्रव्य ४४० नॅनोमीटरच्या आसपास निळा आणि ६७५ च्या आसपास तांबडा प्रकाश शोषते. विरघळलेले सेंद्रिय द्रव्य जंबुपार आणि निळा प्रकाश सर्वांत जास्त शोषते आणि तरंगलांबी वाढेल तसतसे त्याचे शोषण घसरत जाते. जांभ्यातून आलेली लोहयुक्त मातीही निळाच प्रकाश शोषते. निळ्या प्रकाशावर तीन दावेदार आहेत, हे येथे ध्यानात ठेवावे, कारण पुढे उपग्रहाच्या नकाशात होणारा घोटाळा याच कारणाने होतो.

विकिरणाबाबत दोन गोष्टी निर्णायक ठरतात: कणाचा आकार आणि त्याचा अपवर्तनांक, म्हणजे तो प्रकाश किती वाकवतो याचा आकडा. प्लवकाची पेशी बहुतांशी पाण्यानेच भरलेली असल्यामुळे पाण्याच्या तुलनेत तिचा अपवर्तनांक सुमारे १.०५ असतो, तर खनिज कणाचा १.१५ ते १.२० असतो. त्यामुळे खनिज कण प्रकाश अधिक प्रमाणात मागे फेकतो. आकाराचा परिणाम तर साध्या भूमितीतूनच कळतो. तेवढ्याच वजनाची माती दहा मायक्रोमीटरच्या कणांऐवजी एक मायक्रोमीटरच्या कणांत वाटली, तर त्या सर्व कणांच्या सावलीचे एकूण क्षेत्रफळ दहापट होते. याचा अर्थ गढूळपणा दहापट वाढला तरी गाळ दहापट वाढलाच असेल असे नाही, तो केवळ बारीक झालेला असू शकतो. खाडीत याच्या उलटही घडते. गोड्या पाण्यातून आलेली चिकणमाती खाऱ्या पाण्याला भिडताच तिचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, आणि तेवढाच गाळ असूनही पाणी नितळ भासू लागते.

जागा आणि वेळ ठरवणे

उपकरणांच्या निवडीआधी भरती-ओहोटीचे कोष्टक हातात घ्यावे. गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी पाणी दोन मीटरच्या आसपास चढते-उतरते आणि पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात. एवढ्या वेळात खाडीच्या मुखाशी एकाच जागी नांगर टाकून बसलेल्या होडीखालून समुद्राचे आणि नदीचे अशी दोन वेगळी पाणी जातात. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत भरतीची अवस्था आणि उधाण (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचे) आहे की भांग (अष्टमीच्या सुमाराचा), हे लिहावे. उधाणाच्या दिवशी प्रवाह जोरात असल्याने तळ ढवळला जातो, भांगाला तो शांत राहतो. त्यामुळे दर महिन्याला एकच फेरी करणे शक्य असेल, तर ती नेहमी एकाच तिथीच्या आसपास करावी, अन्यथा ऋतूचा फरक आणि चंद्राचा फरक एकमेकांत मिसळतात.

दिवसाची वेळ सूर्य ठरवतो. गोव्यात सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास, आणि एप्रिलच्या अखेरीस व पुन्हा ऑगस्टमध्ये तो जवळजवळ अगदी डोक्यावर असतो. पाण्याचा रंग वरून मोजायचा असेल तर ही वेळ वाईट, कारण चकाकी टाळायला दिशाच उरत नाही. उन्हाळ्यात सकाळी नऊ ते साडेदहा हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. दुपारी अडीचनंतर सूर्याचा कोन पुन्हा चांगला होतो खरा, पण तोवर खारे वारे सुटलेले असतात, लाटांवर फेस येतो आणि होडी स्थिर राहत नाही. पहाटे निघावे लागते, याला इलाज नाही. मासेमारी करणारे तांडेल हे वेळापत्रक आपल्यापेक्षा चांगले जाणतात. होडी भाड्याने घेताना त्यांना ‘वारा कधी सुटेल’ एवढे विचारले, तरी अर्धे नियोजन होते.

जागेवर पोहोचल्यावर होडीचे यंत्र बंद करून काही मिनिटे थांबावे. पंख्याने घुसळलेल्या पाण्यातील हवेचे बुडबुडे उत्तम विकिरण करतात, आणि विकिरणमापकाला बुडबुडा व मातीचा कण यांतील फरक कळत नाही.

सेक्की चकती: तीनशे रुपयांचे उपकरण

इटलीतील खगोलशास्त्रज्ञ धर्मगुरू आंजेलो सेक्की यांनी १८६५ साली पोपच्या वाफेच्या नौकेवरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या चकत्या सोडून त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात हे पद्धतशीरपणे तपासले. तेव्हापासून या मोजणीत फारसा बदल झालेला नाही, आणि म्हणूनच ती मोलाची आहे, कारण शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदींशी थेट ताडून पाहता येईल अशी प्रकाशमोजणी दुसरी क्वचितच सापडेल.

समुद्रासाठी तीस सेंटीमीटर व्यासाची संपूर्ण पांढरी चकती वापरतात. तळ्यांसाठी वीस सेंटीमीटरची, काळ्या-पांढऱ्या चौकटींची चकती रूढ आहे. ॲक्रिलिकच्या किंवा पत्र्याच्या तबकडीला झिलई नसलेला पांढरा रंग द्यावा, मध्ये भोक पाडावे, खाली किलो-दीड किलोचे वजन बांधावे आणि न ताणणाऱ्या दोरीवर दर दहा सेंटीमीटरला खूण करावी. नायलॉनची दोरी ओली झाल्यावर लांबते, म्हणून खुणा ओल्या दोरीवरच कराव्यात. होडीच्या सावलीच्या बाजूने चकती सोडावी, दिसेनाशी होते ती खोली लिहावी, थोडी आणखी खाली सोडून पुन्हा वर ओढताना दिसू लागते ती खोली लिहावी आणि दोहोंची सरासरी घ्यावी. दोन माणसांनी स्वतंत्रपणे वाचन घ्यावे आणि गडद चष्मा काढून ठेवावा. प्रवाहाने दोरी तिरकी झाली असेल तर वजन वाढवावे, ‘अंदाजे’ दुरुस्ती करू नये.

या खोलीवरून प्रकाश किती झपाट्याने मावळतो याचा अंदाज बांधता येतो. पूल आणि ॲटकिन्स या शास्त्रज्ञांनी १९२९ मध्ये इंग्लिश खाडीतील मोजणीवरून १.७ हा अंक दिला. त्याला सेक्की खोलीने भागले की प्रकाशाचा क्षयगुणांक मिळतो. गढूळ किनारी पाण्यासाठी १.४४ हा अंक अधिक जुळतो असे पुढे दिसून आले. चकती २.५ मीटरवर दिसेनाशी झाली असेल, तर १.४४ घेतल्यास क्षयगुणांक प्रतिमीटर ०.५८ येतो आणि १.७ घेतल्यास ०.६८. पृष्ठभागावरील प्रकाशाचा शंभरावा भाग उरतो ती खोली, म्हणजे साधारणपणे प्लवकांच्या वाढीची खालची सीमा, ४.६ ला या गुणांकाने भागून मिळते: पहिल्या हिशेबाने सुमारे ८ मीटर, दुसऱ्याने सुमारे ७. कोणता अंक वापरला हे नोंदवहीत लिहिले नसेल, तर दोन वर्षांनी आपल्यालाच तो एक मीटरचा फरक समुद्रात झालेला बदल वाटेल.

पाण्यात उतरवण्याचा प्रकाशमापक उपलब्ध असेल तर अंदाजाची गरज राहत नाही. ४०० ते ७०० नॅनोमीटरचा, म्हणजे प्रकाशसंश्लेषणास उपयुक्त असा प्रकाश एक मीटरवर ९०० आणि तीन मीटरवर ३०० एकक भरला, तर ९०० भागिले ३०० म्हणजे ३, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम १.०९९, आणि त्याला दोन मीटर अंतराने भागले की प्रतिमीटर ०.५५. मापक बांबूच्या टोकाला बांधून सूर्याच्या बाजूने होडीपासून दोन-तीन मीटर दूर धरावा आणि त्याच वेळी होडीच्या टपावर दुसरा मापक ठेवावा, कारण मध्येच ढग आला तर तो खोलीचा परिणाम समजला जाईल.

बाटलीतले पाणी

प्रकाशाच्या सर्व उपकरणांचे अंतिम प्रमाण बाटलीत असते. निस्किन बाटलीने, म्हणजे हव्या त्या खोलीवर मिटणाऱ्या बाटलीने, उपकरणाच्याच खोलीवरचे पाणी घ्यावे, ते गडद रंगाच्या डब्यात ओतून बर्फाच्या पेटीत ठेवावे आणि शक्यतो दोन-तीन तासांत गाळावे. त्याच पाण्याचे चार वाटे करावेत.

पहिला वाटा हरितद्रव्यासाठी. काचतंतूच्या जीएफ/एफ फिल्टरवर मंद प्रकाशात आणि कमी दाबाने पाणी गाळावे, कारण पंप जोरात चालवला तर पेशी फुटून हरितद्रव्य गाळलेल्या पाण्यातून निघून जाते. फिल्टर ९० टक्के ॲसिटोनमध्ये बुडवून अंधारात, फ्रिजमध्ये सुमारे चोवीस तास ठेवावा, मग अपकेंद्री यंत्रात फिरवून वरचा नितळ द्रव वर्णपटमापकात तपासावा. ६६४, ६४७ आणि ६३० नॅनोमीटरवरील शोषणांकातून ७५० वरील शोषणांक वजा करावा, म्हणजे उरलेल्या गढूळपणाची दुरुस्ती होते. नंतर जेफ्री आणि हम्फ्री यांचे १९७५ चे सूत्र लावावे: ६६४ चा अंक गुणिले ११.८५, वजा ६४७ चा अंक गुणिले १.५४, वजा ६३० चा अंक गुणिले ०.०८. समजा हे अंक अनुक्रमे ०.०३०, ०.००८ आणि ०.००६ आले. उत्तर ०.३४३ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर येते. अर्क १० मिलिलीटर असेल आणि अर्धा लिटर पाणी गाळले असेल, तर समुद्रात लिटरमागे सुमारे ६.९ मायक्रोग्रॅम हरितद्रव्य आहे. क्युव्हेट (मापकात द्रव ठेवायची पारदर्शक कुपी) एक सेंटीमीटरची आहे हे येथे गृहीत धरले आहे.

दुसरा वाटा निलंबित गाळाच्या वजनासाठी. वाळवून आधी तोललेल्या फिल्टरवर पाणी गाळून तो पुन्हा वाळवून तोलायचा, एवढीच ही कृती आहे, आणि तरीही सर्वांत जास्त आकडे येथेच बिघडतात. फिल्टरच्या तंतूंत अर्धा मिलिलीटर समुद्राचे पाणी अडकून राहिले, तर त्यात सुमारे १७ मिलिग्रॅम मीठ असते. लिटरमागे १५ मिलिग्रॅम गाळ असलेल्या पाण्याचा अर्धा लिटर गाळला तर खरा गाळ साडेसात मिलिग्रॅमच असतो. म्हणजे न धुतलेला फिल्टर गाळापेक्षा मीठच जास्त तोलतो. फिल्टर ऊर्ध्वपातित पाण्याने तीन वेळा, आणि कडेचा जो भाग फनेलखाली दबलेला असतो तोसुद्धा, धुवावा. प्रत्येक फेरीत एक-दोन कोरे फिल्टर गाळलेल्या समुद्राच्या पाण्याने भिजवून, तसेच धुऊन तोलावेत. त्यांचे वजन वाढले असेल तर धुण्यात कसर आहे.

तिसरा वाटा ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळून विरघळलेल्या रंगीत द्रव्यासाठी. दहा सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये ४४० नॅनोमीटरवर शोषणांक ०.०२५ आला, तर त्याला २.३०३ ने गुणून ०.१ मीटरने भागावे: प्रतिमीटर ०.५८. चौथ्या वाट्यात ल्युगॉलचे आयोडीन (पेशी टिकवून ठेवणारे द्रावण) घालून तो सूक्ष्मदर्शकासाठी राखून ठेवावा. वेळ नाही म्हणून नेमका हा वाटा टाळला जातो, आणि नंतर आलेखातला विचित्र बिंदू समजून घेण्यासाठी त्याचीच उणीव भासते.

उतरवण्याची उपकरणे: तीन प्रकारची, तीन प्रश्नांची

किरणक्षयमापकात एक दिवा आणि समोर एक ग्राहक असतो, मधल्या पाण्यातून किती प्रकाश सरळ पोहोचला एवढेच तो सांगतो. येथे मार्गाची लांबी पाहून उपकरण निवडावे. पाण्याचा किरणक्षय प्रतिमीटर १० असेल, जो गढूळ खाडीत सहज असतो, तर पंचवीस सेंटीमीटरच्या मार्गात फक्त आठ टक्के प्रकाश पोहोचतो आणि दहा सेंटीमीटरच्या मार्गात सदतीस टक्के. खुल्या समुद्रासाठी घेतलेले लांब मार्गाचे उपकरण मांडवीत आणले, की वाचन तळाला चिकटते आणि माणूस ते बिघडले असे समजतो.

पश्चविकिरणमापक मागे फेकलेला प्रकाश मोजतो. एकूण विकिरणापैकी मागे फेकला जाणारा वाटा प्लवकप्रधान पाण्यात साधारण अर्धा ते एक टक्का, तर खनिजप्रधान पाण्यात दोन-तीन टक्के असतो. किरणक्षयाशी त्याची तुलना केली की माती आणि प्लवक यांच्यातला पहिला कौल मिळतो. सर्व उपकरणांत एकच घेण्याएवढे पैसे असतील तर बहुतेक जण प्रतिदीप्तिमापक घेतात. मी पश्चविकिरणमापक आणि प्रतिदीप्तिमापक यांची जोडी असलेले लहान उपकरण सुचवेन, कारण एकटा प्रतिदीप्तिमापक किनाऱ्यालगत सतत शंका निर्माण करतो.

प्रतिदीप्तिमापक निळा प्रकाश टाकतो आणि हरितद्रव्याने ६८५ नॅनोमीटरच्या आसपास उलट सोडलेला तांबडा प्रकाश टिपतो. हा आकडा हरितद्रव्याच्या प्रमाणात असतो, पण तो पेशीच्या मनःस्थितीवरही अवलंबून असतो. भर उन्हात पेशी जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देते आणि प्रतिदीप्ती घटते. त्यामुळे दुपारच्या आलेखात पृष्ठभागाजवळ प्लवक ‘कमी’ आणि चार-पाच मीटरवर ‘जास्त’ दिसते, पण हा थर पुष्कळदा खोटा असतो. त्याच वेळी पश्चविकिरण पृष्ठभागाजवळ घटलेले नसेल, तर शंका प्रतिदीप्तीवर घ्यावी आणि एक फेरी सूर्योदयापूर्वी करून पाहावी.

तिन्ही उपकरणांची निगा सारखीच. उतरवण्यापूर्वी ग्राहकावर काळी चिकटपट्टी लावून, पाण्यात बुडवून अंधारवाचन घ्यावे. काच मऊ, तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसावी. उपकरण प्रथम दोन मीटरवर दोन-तीन मिनिटे धरून बुडबुडे निघून जाऊ द्यावेत, मग पृष्ठभागापर्यंत वर आणून सावकाश खाली सोडावे. जेट्टीला कायम बांधलेल्या उपकरणावर आपल्या उबदार पाण्यात काही दिवसांतच शेवाळी थर आणि पुढे कालवे-बार्नाकल धरतात. तांब्याची झडप किंवा पुसणारा ब्रश असलेलेच उपकरण अशा कामाला घ्यावे, आणि तरीही आलेख रोज सावकाश चढत गेला तर ते समुद्राचे नव्हे, काचेचे वाढणे समजावे.

कणांचे आकारमान हवे असेल तर लेसर विवर्तनाचे उपकरण आहे. ६७० नॅनोमीटरचा लेसर कणांवर पडून लहान कोनांत पसरतो, मोठे कण तो अरुंद कोनात आणि लहान कण रुंद कोनात पसरवतात, आणि ग्राहकाच्या ३२ वलयांवरील वाटणीतून साधारण एक-दोन मायक्रोमीटरपासून काहीशे मायक्रोमीटरपर्यंतचे वितरण काढले जाते. त्याची खोड एवढीच, की गोडे आणि खारे पाणी जेथे एकावर एक असते तेथे पाण्याचाच अपवर्तनांक जागोजाग बदलतो आणि उपकरणाला तेथे अस्तित्वात नसलेले मोठे कण दिसतात. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी मिळालेला ‘मोठ्या गुठळ्यांचा थर’ क्षारतेच्या आलेखाशी ताडल्याशिवाय स्वीकारू नये.

वरून पाहताना

१९२१ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडहून परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ‘नारकुंडा’ जहाजाच्या डेकवरून निकोल प्रिझम (प्रकाशाचे ध्रुवण करणारा स्फटिक) लावून भूमध्य समुद्र पाहिला. पृष्ठभागावरून परावर्तित होणारे आकाश प्रिझमने कापल्यावरही पाणी निळेच दिसले, म्हणजे ती निळाई आकाशाचे प्रतिबिंब नव्हती, पाण्याच्या रेणूंनी केलेल्या विकिरणाची होती. जहाज मुंबई बंदरात असताना त्यांनी ते टिपण लिहून पाठवले. आजही होडीवरून रंग मोजताना पहिली अडचण तीच आहे: पाण्यातून वर आलेला प्रकाश हवा असतो आणि आकाशाचे प्रतिबिंब नको असते.

रूढ पद्धत अशी. वर्णपटमापक पाण्याकडे, उभ्या रेषेपासून ४० अंशांचा कोन करून, सूर्याच्या दिशेपासून १३५ अंश बाजूला वळवून धरावा. मग त्याच दिशेला, वर ४० अंशांत, आकाश मोजावे. नंतर आडव्या ठेवलेल्या करड्या फलकावरून आलेला प्रकाश मोजावा. वारा सेकंदाला पाच मीटरपेक्षा कमी असेल तर आकाशाच्या वाचनाचे ०.०२८ पट पाण्याच्या वाचनातून वजा करावे. फलकाच्या वाचनाला π (पाय) या अंकाने गुणून फलकाच्या परावर्तनांकाने भागले की वरून येणारा एकूण प्रकाश मिळतो, आणि वजाबाकीच्या उत्तराला त्याने भागले की पाण्याचे परावर्तन मिळते. प्रत्येक दिशेची दहा-पंधरा वाचने घेऊन त्यांतली सर्वांत तेजस्वी टाकून द्यावीत, ती बहुधा लाटेवरच्या चकाकीची असतात. वर्णपटमापक नसेल तर ‘हायड्रोकलर’ हे मोबाइल ॲप आणि छायाचित्रकारांचे १८ टक्के करडे कार्ड वापरून हीच तीन वाचने लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन पट्ट्यांत घेता येतात. विद्यार्थ्यांना तत्त्व शिकवण्यासाठी मला ते महागड्या उपकरणापेक्षा सरस वाटते.

मिळालेल्या वक्राचे वाचन करताना आधी तांबडी बाजू पाहावी. वनस्पतीप्लवक भरपूर असेल तर ६७५ जवळ खळगा आणि ७०० ते ७१० जवळ उंचवटा दिसतो. माती असेल तर वक्र हिरव्यापासून तांबड्यापर्यंत चढलेला राहतो आणि अवरक्तातही शून्यावर येत नाही. निळी बाजू शेवटी पाहावी, आणि तीही संशयाने.

उपग्रहांची नेहमीची सूत्रे याच्या नेमकी उलट वागतात. निळा आणि हिरवा यांच्या गुणोत्तरावरून ती हरितद्रव्य काढतात, जे खोल समुद्रात चालते, कारण तेथे निळ्यावर दावा सांगणारे मुख्यतः प्लवकच असते. खाडीसमोर रंगीत द्रव्य आणि लोहयुक्त माती निळा प्रकाश खातात आणि नकाशात तेथे दाट प्लवक रंगवले जाते. जूनच्या पहिल्या पावसानंतर मुखाशी दिसणारा गडद पट्टा प्लवकबहर म्हणून सादर करण्यापूर्वी बाटलीचे तीन आकडे पाहावेत. सेंटिनेल-३ या युरोपीय उपग्रहावरील ६६५ आणि ७०९ नॅनोमीटरच्या पट्ट्यांचे गुणोत्तर अशा दाट पाण्यात अधिक विश्वासार्ह असते. त्याच्या चित्रातील सर्वांत लहान चौकट ३०० मीटरची आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडलेल्या भारतीय ईओएस-०६ वरील सागररंगमापकाची सुमारे ३६० मीटरची आहे. पणजीपाशी नदी एक किलोमीटरही रुंद नसल्याने तेथे या चौकटींत काठाची झाडी मिसळते, म्हणून खाडीच्या आत सेंटिनेल-२ ची दहा-वीस मीटरची चित्रे घ्यावीत. उपग्रह आणि होडी यांच्या वेळेत तीन तासांपर्यंतचे अंतर चालते असे सांगितले जाते, पण तीन तास म्हणजे अर्धी ओहोटी. खाडीत अर्ध्या तासापेक्षा जास्त अंतर मी मान्य करणार नाही. आणि जून ते सप्टेंबर ढगांमुळे उपग्रह जवळजवळ आंधळाच असतो, म्हणजे गाळ आणि पोषकद्रव्ये यांची सर्वांत मोठी उलाढाल होते तो काळ जेट्टीवरच्या उपकरणाने आणि बाटलीनेच गाठावा लागतो.

आकडे एकमेकांशी भांडतात तेव्हा

सर्व वाचने एका पानावर मांडल्यावर काही जोड्या चटकन बोलतात. किरणक्षय आणि पश्चविकिरण दोन्ही जास्त, प्रतिदीप्ती कमी: गाळ. किरणक्षय आणि प्रतिदीप्ती जास्त, पश्चविकिरण त्या मानाने कमी: प्लवक. सेक्की खोली कमी, पण किरणक्षय ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशात मोजल्यास बेताचाच: रंगीत द्रव्य, कारण ते तांबड्याला जवळजवळ हात लावत नाही. गढूळपणा आणि गाळाचे वजन यांचे गुणोत्तर पावसाळ्यात एक आणि मार्चमध्ये दुसरे आले, तर घाबरू नये. कणांचा आकार आणि जात बदलली आहे, आणि म्हणून गढूळपणावरून वजन काढण्याचे समीकरण प्रत्येक ऋतूसाठी स्वतंत्र बसवावे. दुसऱ्या खाडीचे समीकरण उसने घेऊ नये.

सर्वांत अवघड प्रकरण फेब्रुवारी ते मे या काळात येते. समुद्र शांत आणि उबदार असताना ट्रायकोडेस्मियम या नील-हरित जीवाणूचे तंतू गुच्छ करून पृष्ठभागावर येतात आणि लाकडाच्या भुशासारखे तपकिरी पट्टे किलोमीटरभर पसरतात. त्याच्या पेशींतील वायुकोश प्रकाश जोरात मागे फेकतात, म्हणून पश्चविकिरणमापक ‘माती’ म्हणतो. त्याचे बरेचसे हरितद्रव्य निळ्या प्रकाशाने नीट उद्दीपित होत नाही, म्हणून प्रतिदीप्तिमापक ‘विशेष काही नाही’ म्हणतो. निस्किन बाटली एक मीटर खालचे पाणी घेऊन येते आणि तरंगणारे गुच्छ वरच राहतात, म्हणून हरितद्रव्याचा आकडाही कमी येतो. तिन्ही साक्षी एकमताने चुकतात. येथे फायकोएरिथ्रिन या रंगद्रव्यासाठी बनवलेला, हिरव्या प्रकाशाने उद्दीपित करणारा प्रतिदीप्तिमापक उपयोगी पडतो. तो नसेल तर पट्ट्याच्या कडेने पांढऱ्या बादलीत वरचेच पाणी अलगद घ्यावे, दहा मिनिटे सावलीत ठेवावे आणि पाहावे: माती तळाला बसते, भुसा वर तरंगतो.